जळगाव ते न्यू यॉर्क: किलोमीटर किती, तास किती

मुलगी न्यू जर्सीत, बाळंतपण नोव्हेंबरात, आई-वडील जळगावात. अशा घरात तिकीट काढण्याआधी दोन प्रश्न हमखास निघतात: अंतर किती आणि विमानात किती वेळ बसावं लागणार? मोबाइलवर शोधलं की साडेबारा हजार किलोमीटरच्या आसपासचा आकडा सापडतो. विमानाचा वेग ताशी ९०० धरून भागाकार केला की चौदा तास येतात. तिकिटावर मात्र थेट विमानाला पंधरा-सोळा तास दिसतात, परतीला त्याहून कमी, आणि आखातात विमान बदलून जायचं म्हटलं तर वीस ते चोवीस. यातला एकही आकडा खोटा नाही. प्रवासाच्या हिशेबात किलोमीटर हा सगळ्यात कमी कामाचा आकडा आहे, एवढंच. तरी सुरुवात त्याच्यापासूनच करू, कारण तो कसा निघतो हे कळलं की बाकीचे घोळ आपोआप उलगडतात.

अंतर कसं काढायचं

दोन शहरांमधलं हवाई अंतर म्हणजे पृथ्वीच्या पाठीवरून जाणारी सगळ्यात जवळची वाट. भूगोलाच्या पुस्तकात जे बृहद्वृत्त शिकवतात, त्याचाच हा तुकडा. घरात पृथ्वीगोल असेल तर मुंबईवर आणि न्यू यॉर्कवर बोट ठेवून मध्ये दोरा ताणा. ताठ बसलेला दोरा म्हणजे ती वाट. आकडा हवा असेल तर मोबाइलमधल्या सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर दोन मिनिटांत निघतो.

दोन्ही ठिकाणांचे अक्षांश-रेखांश घ्या. मुंबई विमानतळ १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व. न्यू यॉर्कचा जेएफके विमानतळ ४०.६४ उत्तर, ७३.७८ पश्चिम. एक पूर्व आणि एक पश्चिम असल्यामुळे रेखांशांमधला फरक बेरजेने निघतो: १४६.६५ अंश. आता दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा: ०.३२७१ गुणिले ०.६५१३, म्हणजे ०.२१३०. मग दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांशांच्या फरकाचा कोसाइन, तिन्हींचा गुणाकार: ०.९४५० गुणिले ०.७५८८ गुणिले उणे ०.८३५३, म्हणजे उणे ०.५९९०. दोघांची बेरीज उणे ०.३८६०. याचा उलटा कोसाइन घेतला की ११२.७ अंश येतात. पृथ्वीच्या मध्यापासून पाहिलं तर दोन्ही शहरांमध्ये एवढा कोन आहे. एका अंशाला १११.२ किलोमीटर, म्हणून एकूण सुमारे १२,५३० किलोमीटर.

या हिशेबात तीन चुका नेहमी होतात. कॅल्क्युलेटर अंशांऐवजी रेडियनवर असतं आणि उत्तर काहीच्या बाही येतं. अंश-मिनिटांचा आकडा तसाच दशांश म्हणून टाकला जातो. ४० अंश ३८ मिनिटं म्हणजे ४०.३८ नव्हे, ३८ ला ६० ने भागून ४०.६३. एवढ्यानेच ठिकाण अठ्ठावीस-एक किलोमीटर सरकतं. तिसरी चूक मोठी: पश्चिम रेखांश पूर्व समजून बेरजेऐवजी वजाबाकी करणे. तसं केलं तर न्यू यॉर्क मुंबईपासून अवघं २,४०० किलोमीटर निघतं, कारण तुम्ही किर्गिझस्तानातल्या ओश शहराच्या शेजारी जाऊन पोचलेले असता.

पृथ्वी पूर्ण गोल नाही, ध्रुवांकडे किंचित चपटी आहे. त्यामुळे काटेकोर सूत्राने काढलं तर आकडा थोडा बदलतो. विमान अकरा किलोमीटर उंचीवरून जातं म्हणून वाट लांबते का, असंही लोक विचारतात. लांबते, पण साडेबारा हजारात वीस-बावीस किलोमीटर. त्याकडे कोणी बघत नाही. विमानवाले मोजतात ते नॉटिकल मैलांत. एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. एखाद्या साइटवर ६,७६६, दुसरीवर ७,७८६ आणि तिसरीवर १२,५३० दिसलं तर गोंधळू नका. अंतर एकच आहे. पहिला आकडा नॉटिकल मैलांचा, दुसरा साध्या मैलांचा.

नकाशावरची सरळ रेघ सरळ नसते

शाळेतल्या सपाट नकाशावर पट्टी ठेवून मुंबई ते न्यू यॉर्क रेघ मारली तर ती अरबस्तान, उत्तर आफ्रिका करत अटलांटिक ओलांडते. त्या रेघेवरून खरोखर गेलं, तर अंतर सुमारे १४,२०० किलोमीटर भरतं. म्हणजे सोळाशे-सतराशे किलोमीटरचा फुकटचा वळसा.

खरी जवळची वाट मुंबईहून जवळजवळ उत्तरेकडे निघते, उत्तरेपासून पश्चिमेला फक्त २७ अंश कलून. बलुचिस्तान, अफगाणिस्तानातलं हेरात, तुर्कमेनिस्तान, रशियातलं सारातोव्ह, सेंट पीटर्सबर्ग, नॉर्वेतलं ट्रॉन्हाइम, तिथून आइसलंडच्या दक्षिण भागावरून ग्रीनलंडच्या टोकाला जवळजवळ घासून कॅनडामार्गे खाली न्यू यॉर्क. सगळ्यात उत्तरेला ती ६४.७ अंशांपर्यंत जाते. विमान अमेरिकेला निघालंय आणि स्क्रीनवर रशिया दिसतोय, म्हणून घाबरून जायचं कारण नाही.

आता जळगावचं बघा. जळगाव (२०.९६ उत्तर, ७५.६३ पूर्व) ते न्यू यॉर्क हे अंतर याच सूत्राने सुमारे १२,४७० किलोमीटर येतं. म्हणजे मुंबईच्या पूर्वेला असूनही जळगाव न्यू यॉर्कला मुंबईपेक्षा साठ किलोमीटर जवळ आहे! वाट उत्तरेकडून जाते, आणि जळगाव मुंबईच्या उत्तरेला आहे, म्हणून. मुंबईला जाताना आपण हवाई मापाने साडेतीनशे किलोमीटर बाजूला जातो आणि तिथून पुन्हा १२,५३०. दिल्ली मात्र जवळजवळ वाटेवरच आहे: जळगाव ते दिल्ली साधारण ८६० आणि दिल्ली ते न्यू यॉर्क ११,७५५, बेरीज १२,६१५. कागदावर दिल्ली जिंकते. पण भुसावळहून दिल्ली रेल्वेने अकराशे किलोमीटर आहे, आणि हिवाळ्यात तिकडे धुकं. म्हणून बहुतेकांचा रस्ता मुंबईवरूनच जातो, आणि ते बरोबरच आहे.

आकाशातही नाकाबंदी असते

दोऱ्याने मापलेली वाट ही किमान. प्रत्यक्ष उड्डाण त्याहून पाच-सात टक्के जास्त भरतं, कधी त्याहूनही जास्त. उड्डाण आणि उतरण्याचे ठरलेले मार्ग, वादळं आणि वारा ही रोजची कारणं. मोठं कारण मात्र देशांच्या हवाई हद्दी.

फेब्रुवारी २०१९ मध्ये बालाकोटनंतर पाकिस्तानने आपली हद्द बंद केली, ती जुलैच्या मध्यापर्यंत. पुन्हा २४ एप्रिल २०२५ रोजी भारतीय कंपन्यांसाठी बंद केली आणि मग महिन्या-महिन्याने मुदत वाढवत नेली. याचा मोठा फटका दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्या विमानांना बसतो, कारण त्यांची वाट थेट लाहोर-पेशावरच्या डोक्यावरून जाते. मुंबईची विमानं अरबी समुद्रावरून ओमान-आखाताकडे सरकू शकतात, म्हणून त्यांना तुलनेने कमी. त्या काळात दिल्ली–उत्तर अमेरिका विमानांना व्हिएन्ना किंवा कोपनहेगनला इंधनासाठी उतरावं लागलं. जून २०२५ मध्ये इस्राएल-इराण लढाई पेटली आणि इराण-इराकवरचं आकाश बंद झालं, तेव्हा तर उडालेली विमानं अर्ध्या वाटेवरून माघारी फिरली.

रशियाची गोष्ट वेगळी. २०२२ च्या युद्धापासून अमेरिकी आणि युरोपीय कंपन्यांना रशियावरून जाता येत नाही. भारतीय कंपन्यांना येतं. म्हणून भारत आणि अमेरिकेतल्या त्याच दोन शहरांमध्ये एका कंपनीची वाट एक आणि दुसरीची वेगळी असू शकते. तिकिटं तुलना करताना तासांतला फरक दिसला तर त्यामागे अनेकदा हेच असतं.

लांब वाट म्हणजे फक्त जास्त वेळ नव्हे. बोइंग ७७७ सारखं मोठं विमान तासाला सात-आठ टन इंधन जाळतं. दोन तास वाढले की पंधरा टन इंधन वाढतं, आणि उड्डाणाच्या वजनाला मर्यादा असल्याने तेवढी माणसं किंवा माल कमी करावा लागतो. उन्हाळ्यात दुपारी हवा विरळ असल्याने पंखांना उचल कमी मिळते, ती आणखी अडचण. ही लांबची विमानं मध्यरात्रीनंतर निघतात त्यामागे पलीकडच्या वेळांची आणि जोडविमानांची सोय हे एक कारण आहे, आणि रात्रीची गार, दाट हवा हे दुसरं.

वारा: खरा हिशेब इथे आहे

जाताना सोळा आणि येताना चौदा का, याचं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारं उत्तर असं: पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणून पश्चिमेला जाताना ठिकाण जवळ येतं. तसं असतं तर पश्चिमेला जाताना वेळ कमी लागला असता; लागतो जास्त. पृथ्वीबरोबर हवाही फिरते आणि विमान त्या हवेतच पोहत असतं, त्यामुळे पृथ्वीच्या फिरण्याचा असा थेट फायदा-तोटा होत नाही.

फरक पडतो तो जेट स्ट्रीममुळे. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, मुख्यतः ३० ते ६० अंश अक्षांशांच्या पट्ट्यात, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे जोरदार पट्टे वाहतात. हिवाळ्यात त्यांचा जोर सगळ्यात जास्त. ताशी दोनशे किलोमीटर सहज, काही दिवशी तीनशेच्या वर. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या पूर्व भागावरून लंडनकडे निघालेल्या एका प्रवासी विमानाचा जमिनीवरून मोजलेला वेग ताशी सुमारे १,२९० किलोमीटर झाला होता. विमानाने ध्वनीचा वेग ओलांडला नव्हता. भोवतीच्या हवेत ते नेहमीच्याच वेगाने चाललं होतं, हवाच पळत होती.

हे दोन वेग वेगळे ठेवले की सगळं सोपं होतं. मोठं जेट विमान ध्वनीच्या ०.८४ ते ०.८५ पट वेगाने जातं. त्या उंचीवर तापमान उणे ५५ च्या आसपास आणि ध्वनीचा वेग ताशी सुमारे १,०६० किलोमीटर. म्हणून हवेतला वेग ८९० ते ९००. मुंबई–दिल्ली फिरणारी एअरबस ३२० थोडी हळू, ०.७८ पट, म्हणजे ८३० च्या आसपास. जळगावला उतरणारं पंख्याचं एटीआर ७२ ताशी पाचशेच्या आसपास.

आता कागदावर मांडू. मुंबईहून जाताना प्रत्यक्ष वाट १३,२०० किलोमीटर धरा आणि सरासरी समोरचा वारा ताशी ४५. वेग उरला ८५०. भागाकार साडेपंधरा तास. त्यात धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, चढणं, उतरणं, गेटला लागणं यांचा अर्धा तास. झाले सोळा. येताना वाऱ्याच्या बाजूने वाट निवडतात: १२,९०० किलोमीटर, मागून वारा ६०, वेग ९५५. साडेतेरा अधिक अर्धा, चौदा. आकडे नमुन्याचे आहेत, रोज बदलतात. पण ताळा असाच बसतो.

जाताना जे गमावलं ते येताना परत मिळतं, असं वाटतं. पुरतं मिळत नाही. ९,००० किलोमीटरची वाट, हवेतला वेग ९००, वारा १००. वारा नसता तर जाऊन-येऊन बरोबर वीस तास. वाऱ्यासह जाताना ८०० च्या वेगाने सव्वाअकरा, येताना १,००० च्या वेगाने नऊ, बेरीज सव्वावीस. उलट्या वाऱ्यात विमान जास्त वेळ राहतं, म्हणून तोटा नेहमी फायद्यापेक्षा थोडा मोठा.

म्हणूनच जवळची वाट आणि लवकरची वाट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. याचं सगळ्यात चांगलं उदाहरण दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को. ऑक्टोबर २०१६ मध्ये या विमानाची वाट अटलांटिकवरून काढून पॅसिफिकवरून वळवली. अटलांटिकची वाट साधारण १३,९०० किलोमीटर, पॅसिफिकची १५,३००. चौदाशे किलोमीटर जास्त, तरी विमान जवळजवळ दोन तास आधी पोचायला लागलं, कारण पूर्वेला जाताना वारा सगळा पाठीशी. परत येतानाही ते पूर्वेकडेच, अटलांटिकवरून यायचं. एका फेरीत पृथ्वीप्रदक्षिणा. बंगळूर–सॅन फ्रान्सिस्को थेट विमान जानेवारी २०२१ मध्ये सुरू झालं तेव्हा पहिली खेप सॅन फ्रान्सिस्कोहून उत्तर ध्रुवावरून बंगळूरला आली. इतक्या वरच्या वाटेत गडबड झाली तर उतरायला जागा मोजक्याच. जून २०२३ मध्ये इंजिनातल्या बिघाडामुळे सॅन फ्रान्सिस्कोला निघालेलं एक विमान रशियातल्या मगदानला उतरवावं लागलं आणि प्रवाशांना दुसरं विमान येईपर्यंत तिथेच थांबावं लागलं.

अटलांटिकवर तर वाऱ्याप्रमाणे रोज नवे रस्ते आखतात. दिवसा पश्चिमेला जाणारे वेगळे, रात्री पूर्वेला येणारे वेगळे. कालच्या विमानाची वाट पाहून आज तीच असेल असं समजू नये.

सीटसमोरच्या स्क्रीनवर हे सगळं दिसतं. उरलेल्या अंतराला जमिनीवरच्या वेगाने भागा आणि पंधरा-वीस मिनिटं मिळवा. कप्तानाच्या घोषणेआधी पोचण्याची वेळ तुमच्या हातात.

तिकिटावरचं घड्याळ

तिकिटावरच्या दोन्ही वेळा त्या-त्या गावच्या असतात, आणि गेट सोडल्यापासून गेटला लागेपर्यंतच्या. इथे बहुतेकांचा हिशेब चुकतो. न्यू यॉर्क आपल्या मागे उन्हाळ्यात साडेनऊ तास आणि हिवाळ्यात साडेदहा तास असतं. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिथे घड्याळ तासभर पुढे करतात, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे. मुंबईहून रात्री १:३० ला निघून त्याच तारखेला सकाळी ७ ला पोचणारं तिकीट म्हणजे उन्हाळ्यात साडेपाच अधिक साडेनऊ, पंधरा तास. हिवाळ्यात तेच आकडे दिसले तर सोळा. परतीला वजाबाकी: सकाळी ११ ला निघून दुसऱ्या दिवशी सकाळी ११ ला मुंबई, म्हणजे चोवीस वजा साडेनऊ, साडेचौदा. युरोपात घड्याळ मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतं, त्यामुळे मार्चमध्ये दोन-तीन आठवडे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात एक आठवडा लंडन आणि न्यू यॉर्क यांच्यातला नेहमीचा फरकही तासाने हलतो. सुरुवातीला जे नोव्हेंबरचं बाळंतपण म्हटलं, त्याचं जाण्याचं तिकीट ऑक्टोबरचं आणि परतीचं जानेवारीचं असणार. दोन्हींसाठी वेगळे आकडे धरा.

याहून महागात पडणारी चूक तारखेची. तिकिटावर १७ तारीख, रात्री १:३०, याचा अर्थ १६ तारखेच्या रात्री जेवून विमानतळावर असायचं. १७ च्या रात्री पोचलेला माणूस चोवीस तास उशिरा आलेला असतो, आणि असं दरवर्षी कोणाचं तरी होतंच. रेल्वेचं तिकीट १६ चं काढा, १७ चं नव्हे.

विमान बदलून जाताना

थेट विमान महाग, म्हणून बहुतेक जण एका थांब्याचं घेतात. लोकांना वाटतं दुबई म्हणजे फार वळसा. मोजून बघा: मुंबई–दुबई सुमारे १,९३०, दुबई–न्यू यॉर्क सुमारे ११,०२०, बेरीज १२,९५०. थेट वाटेपेक्षा अवघे चारशे-सव्वाचारशे किलोमीटर जास्त. लंडनमार्गे तर दोन-सव्वादोनशेच. वाट लांबत नाही, लांबतो तो थांबा. मुंबई–दुबई सव्वातीन तास, दुबई–न्यू यॉर्क चौदाच्या आसपास, म्हणजे उडण्याचे सव्वासतरा. उरलेले तीन ते सात तास खुर्चीवर. तिकीट निवडताना एकूण तासांतून उडण्याचे तास वजा करा आणि उरलेल्याकडेच बघा.

थांबा किती हवा? दीड तासाचं तिकीट कंपनी विकते, कारण नियमात बसतं. पण व्हीलचेअर घेतलेल्या आई-वडिलांसाठी ते धोक्याचं. अमेरिकेला जाणाऱ्या विमानाच्या गेटवर वेगळी तपासणी होते, गेट लवकर बंद होतं आणि व्हीलचेअरवाला येईपर्यंत वीस मिनिटं गेलेली असतात. तीन ते चार तास ठेवा. सहाच्या वर गेलं तर पाय सुजतात, दमणूक वाढते, आणि वाचलेले पैसे तिथल्या चहा-पाण्यात जातात.

दोन्ही विमानं एकाच पीएनआरवर असावीत. पहिलं उशिरा आलं तर पुढचं देण्याची जबाबदारी तेव्हाच कंपनीची राहते. दोन वेगळी स्वस्त तिकिटं जोडली तर चुकलेलं विमान तुमचं नुकसान. अमेरिकेत पुढे आणखी आतलं विमान असेल तर पहिल्या विमानतळावरच इमिग्रेशन होतं, सामान स्वतः उचलून कस्टममधून काढून पुन्हा द्यावं लागतं; तिथे किमान तीन तास हवेत. अबुधाबीमार्गे गेलात तर अमेरिकेची ही तपासणी अबुधाबीतच होते आणि न्यू यॉर्कला देशांतर्गत प्रवाशासारखं बाहेर पडता येतं. मात्र मग अबुधाबीचा थांबाच मोठा घ्यावा. बॅगेत बिबडे, पापड, लोणचं असेल तर आधीच सांगून टाका. लपवलं की तिथला वेळ वाढतो.

घर ते विमानतळ

जळगाव ते मुंबई रेल्वेने ४२० किलोमीटर. एकूण प्रवासाच्या तीन-सव्वातीन टक्के, पण घराच्या दारापासून सहारच्या टर्मिनल २ पर्यंत आठ-नऊ तास सहज जातात, म्हणजे विमानातल्या वेळेच्या निम्म्याहून जास्त. आणि सगळ्यात बेभरवशाचा तुकडा हाच. विमानाचा अर्धा तास वाऱ्याने हलतो. इथे चार तास हलतात.

उत्तरेकडून लांबून येणाऱ्या गाड्या भुसावळला पोचेपर्यंतच उशिरा असतात, त्यांच्यावर विमान लावू नये. अमरावती–मुंबई किंवा विदर्भसारखी जवळून सुटणारी रात्रीची गाडी बरी; पहाटे-सकाळी मुंबईत, दिवस नातेवाइकांकडे, रात्री विमान. पावसाळ्यात कसारा घाटात दरड आली की सगळंच थांबतं, म्हणून जून ते सप्टेंबरमध्ये हा एक दिवस अधिकचा धराच. उतरायचं दादरला की ठाण्याला? सामान मोठं असेल तर ठाण्याहून टॅक्सी सोपी, पण संध्याकाळी नको. दादरहून आता मेट्रो ३ थेट टर्मिनल २ ला जाते; ऑक्टोबर २०२५ मध्ये ती पूर्ण सुरू झाली. तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा प्रत्येकी असतील तर सोबत धडधाकट माणूस हवा.

धुळ्याहून आणि शिरपूरहून मुंबई-आग्रा महामार्गाने गाडी करून जाणारे जास्त. समृद्धीचा इगतपुरी–आमणे तुकडा जून २०२५ मध्ये खुला झाल्यापासून कसारा घाट टाळता येतो. पण आमण्याच्या पुढे भिवंडी-ठाण्याची कोंडी आहे तशीच आहे. वाचलेला तास तिथे जातो. दुपारी बाराच्या आत धुळं सोडा. नंदुरबारकरांना सुरतमार्गे पश्चिम रेल्वे सोयीची: बोरिवलीला उतरलं की सहार जवळ. खानदेश एक्स्प्रेस त्या बाजूने मुंबईला जाते, पण ती रोज नाही, आधी वार बघून घ्या.

जळगावहून विमानानेच निघायचं असेल तर हिशेब वेगळा. २०२४ पासून इथून हैदराबाद, पुणे, गोवा अशी एटीआरची उड्डाणं सुरू झाली. हैदराबादहून आखाताची विमानं मिळतात; जळगाव–हैदराबाद–दुबई–न्यू यॉर्क मिळून सुमारे १४,१०० किलोमीटर होतात. रेल्वेचे आठ तास वाचतात, म्हणून किलोमीटर वाढूनही काही वेळा हे सोपं पडतं. अट एवढीच की छोटं विमान खराब हवेत रद्द झालं तर पुढचं चुकायला नको. तिथे एक रात्र मुक्काम धरून चला. देशातून उडून मुंबईत बदलणार असाल तर विमानतळाचं नाव दोनदा वाचा. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचंही विमानतळ चालू आहे. तिथे उतरून सहारला जायचं म्हणजे रस्त्याने दीड-दोन तास.

चेक-इनचं काउंटर उड्डाणाच्या साधारण तासभर आधी बंद होतं. रात्री १:३० च्या विमानासाठी साडेनऊ-दहाला टर्मिनलवर असावं, म्हणजे मुंबईत संध्याकाळी चार-पाचच्या आधी पाय टेकलेले हवेत.

परतीचं रेल्वे तिकीट काढतानाही हाच भाव ठेवा. रात्री नऊला विमान उतरलं तर इमिग्रेशन आणि बॅगा मिळून दीड-दोन तास, टॅक्सीने दादर आणखी एक. रात्रीची गाडी तोपर्यंत कल्याण सोडून गेलेली असते. सकाळी उतरणारं विमान असेल तर त्याच दुपारची गाडी चालते, मागच्या वाऱ्याने विमान आधीच पोचलं तरी गाडी बदलून मिळत नाही म्हणून फार लवकरची घेऊ नका आणि फार उशिराचीही. रात्री उतरणारं असेल तर दुसऱ्या दिवशीची.